जखमी सैनिकाच्या घरातले युद्ध

नवी दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे लोकार्पण २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. तेथील ग्रॅनाइटच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून अधिक हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत, आणि ते उचितच आहे. मात्र १९९९च्या कारगिल युद्धात ५२७ जवान धारातीर्थी पडले, तेव्हा १,३६३ जवान जखमीही झाले. पहिला आकडा दरवर्षी जुलैमध्ये आपल्या कानी पडतो, दुसरा क्वचितच. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ही विषमता नेहमीच खटकत आली आहे. युद्धविरामाची तारीख पाठ्यपुस्तकात असते. जखमी सैनिकाच्या घरातले युद्ध मात्र पुढे कित्येक दशके चालू राहते.

अपवादात्मक पुरुषार्थ आपण जाणतो. १९७१च्या युद्धात पाय गमावलेले इयान कार्डोझो कृत्रिम पायानिशी पायदळाच्या बटालियनचे नेतृत्व करून मेजर जनरल पदापर्यंत पोहोचले. १९६५च्या युद्धात गोळ्या झेललेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक जिंकले. त्यांच्यापुढे आपण नतमस्तक व्हावे. परंतु असामान्यांच्या गौरवाने सामान्यांविषयीचे कर्तव्य फिटत नाही.

गढवालमधील एका जिल्ह्यात मी सेवेत असताना अशाच एका सामान्य नायकाच्या कुटुंबाशी परिचय झाला. १९७१मध्ये मणक्याला इजा होऊन तो कमरेखाली कायमचा लुळा झाला होता. पाणी, लाकूडफाटा, शेती, सासू-सासऱ्यांचे आजारपण हे सारे सांभाळून पत्नी रोज त्याला कूस बदलून देई, जखमा धुई. पाठीला व्रण पडू नयेत म्हणून रात्रीही दोनदा उठे. थोरल्या मुलाने आठवीतच शाळा सोडली. नायकाच्या छातीवर पदक होते. या बाईच्या श्रमांची नोंद कोणत्याही नस्तीत नव्हती. तो गेला, तेव्हा गावाने एका शूराला निरोप दिला. तिच्या वाट्याला थकलेले शरीर आणि नव्याने सुरू होणारा कागदपत्रांचा फेरा आला.

नियम नाहीत असे नाही. शंभर टक्के अपंगत्वामुळे सेवामुक्त झालेल्या सैनिकाला अपंगत्वाचा घटक वेतनाच्या ३० टक्के मिळतो. तीच इजा युद्धजन्य ठरल्यास १०० टक्के. म्हणजे एका वर्गीकरणावर एका कुटुंबाचे आयुष्य अवलंबून असते. २०१३मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असेच गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा. त्यानंतरही निवृत्त सैनिकांना न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढाव्याच लागतात. सतत शुश्रूषा लागणाऱ्यांसाठी कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स आहे. पण तो सैनिकाच्या नावे असतो आणि त्याच्या मृत्यूबरोबर थांबतो. शुश्रूषा करणारी व्यक्ती या हिशेबात कोठेच नाही.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. जायबंदी सैनिकाला हाताला काम देणे हा तिचा हेतू होता. पुढे ती पुण्याजवळ खडकीस गेली. परकीय सत्तेलाही जे सुचले, त्याच्या पुढे जाणे स्वतंत्र प्रजासत्ताकाला अवघड नसावे. मला तीन गोष्टी तातडीच्या वाटतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने युद्धजखमींच्या घरी वर्षातून एकदा तरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्याचीही प्रकृती व उपजीविका नोंदवावी. शुश्रूषेत वीस-वीस वर्षे घालवलेल्या पत्नीस वा मातेस सैनिकाच्या पश्चात स्वतंत्र साहाय्य मिळावे. आणि न्यायालयाने निकाली काढलेल्या मुद्द्यांवर सरकारने पुन्हा अपील करू नये.

यासाठी लागणारा खर्च संरक्षण अंदाजपत्रकाच्या मानाने नगण्य ठरेल. उणीव आहे ती त्या घराचा उंबरठा ओलांडून आत पाहण्याच्या प्रशासकीय सवयीची.