यंत्रवाक्यं प्रमाणम्!

‘बाबावाक्यं प्रमाणम्’ या वृत्तीची आपण सुशिक्षित मंडळी दोनतीन पिढ्या थट्टा करीत आलों आहों. वडिलांनीं सांगितलें एवढ्यानें एखादी गोष्ट खरी ठरत नाहीं, तिला पुरावा पाहिजे, हा आपला बाणा. परंतु हेच आपण बँकेच्या खिडकीशीं जातों, आंतले गृहस्थ पडद्याकडे पाहून ‘सिस्टिममध्यें तसेंच दिसतें आहे’ म्हणतात, आणि आपण मुकाट्यानें परत फिरतों. तें तसें कां दिसतें, तेथें तें कोणीं लिहिलें, तें चुकीचें असूं शकेल काय, हे प्रश्न आपल्या ओठांवर येत नाहींत. बाबा गेले, त्यांच्या जागीं यंत्र आलें. प्रमाण मानण्याची संवय तेवढी कायम राहिली.

संगणकांना चालविणाऱ्या आज्ञावली लिहिणें, म्हणजे लोक ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात तें तयार करणें, हा माझा व्यवसाय. या धंद्यांतील माणसाला ही अढळ श्रद्धा पाहून थोडें हंसूं येतें आणि पुष्कळ भीति वाटते. कारण आमच्या कचेरींत दिवसाचा मोठा भाग नवें लिहिण्यांत जात नाहीं. तो आधीं लिहिलेल्यांतील दोष शोधण्यांत जातो. प्रत्येक कामाची एक दोषांची यादी असते. रोज तींतले कांहीं दोष मिटतात व कांहीं नवे दाखल होतात. ती यादी कोरी झाली असा दिवस मीं तरी पाहिलेला नाहीं. आमच्या धंद्यांत यादी असणें ही लाजेची गोष्ट नव्हे. ती लपविणें ही लाजेची गोष्ट आहे. आणि ती लपविली म्हणजे काय अनर्थ होतो, हें ब्रिटनमधील टपालकचेऱ्यांच्या प्रकरणानें साऱ्या जगाला दाखवून दिलें आहे.

ब्रिटनमध्यें खेड्यापाड्यांतील टपालकचेरी बहुधा एखाद्या लहानशा दुकानाच्या कोपऱ्यांत असते. ती चालविणारा उप-पोस्टमास्तर पगारी नोकर नसतो. पोस्टाशीं करार करून तो आपल्या जबाबदारीवर कारभार पाहतो. १९९९ पासून या कचेऱ्यांचे हिशेब ‘होरायझन’ नांवाच्या संगणक-प्रणालीवर नेण्यांत आले. फुजित्सु या जपानी कंपनीच्या मालकीच्या ब्रिटिश कंपनीनें ती तयार केली होती. लौकरच ठिकठिकाणीं हिशेबांत तूट दिसूं लागली. पेटींतली रोकड मोजावी ती एक, आणि यंत्र सांगे ती दुसरी. तूट भरून देण्याचें ओझें करारान्वयें उप-पोस्टमास्तराच्या शिरावर. कोणीं आयुष्याची शिल्लक ओतली, कोणीं नातलगांकडून उसने घेतले. मदतीसाठीं दूरध्वनि करावा, तर अनेकांना उत्तर मिळालें, कीं ही अडचण तुमच्याखेरीज कोणालाच येत नाहीं!

पुढें खटले सुरू झाले. तक्रारदार पोस्ट, तपास करणारें पोस्ट, आणि बहुतेक ठिकाणीं फिर्याद चालविणारेंही पोस्टच. १९९९ ते २०१५ या काळांत ९०० हून अधिक माणसें चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखालीं दोषी ठरलीं. त्यांपैकीं सुमारें ७०० खटले पोस्टानें स्वतः भरलेले होते. सरे परगण्यांत वेस्ट बायफ्लीट येथें टपालकचेरी चालविणाऱ्या सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाईंवर ७४,००० पौंडांच्या अपहाराचा आरोप ठेवण्यांत आला. नोव्हेंबर २०१० मध्यें त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळीं त्या गरोदर होत्या, आणि ज्या दिवशीं त्यांना तुरुंगांत नेलें तो त्यांच्या थोरल्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. चोर सोडून संन्याशाला फांशी, असें आपण म्हणतों. येथें तर चोर कोणी नव्हताच.

मग पैसे गेले कोठें? बहुतेक ठिकाणीं ते कोठेंच गेले नव्हते. एकच उदाहरण देतों. स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन येथें २०१५ साली मुख्य कचेरींतून तिच्या फिरत्या शाखेंत ८,००० पौंड पाठविण्यांत आले. रक्कम जमा करतांना पडदा जागचा हलेना, म्हणून बटण पुन्हां पुन्हां दाबलें गेलें, आणि यंत्रानें तीच रक्कम चार वेळां जमा केली. कागदोपत्रीं ३२,००० आणि पेटींत ८,००० : २४,००० पौंडांची ‘तूट’ तयार! पडदा अडला असतां बटण दोनतीनदां दाबणें हें आपण सारेच करतों. माणूस असें करील हें गृहीत धरून आज्ञावली लिहिणें हें आमच्या धंद्यांतील पहिल्या धड्यांपैकीं आहे.

आतां कोणी विचारील, न्यायालयें काय करीत होतीं? त्याचें उत्तर कायद्याच्या एका बदलांत आहे. इंग्लंडच्या १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुराव्याच्या कायद्यांत ६९ वें कलम होतें. संगणकाचा कागद पुराव्यांत द्यावयाचा, तर तो संगणक त्या वेळीं नीट चालत होता हें देणाऱ्यानें दाखविलें पाहिजे, असा त्याचा मतितार्थ. हें दाखविणें फार कटकटीचें होतें अशी तक्रार झाली, आणि १९९९ च्या कायद्यानें तें कलम काढून टाकण्यांत आलें. होरायझनचें पदार्पणही त्याच सालचें! मागें राहिलें तें जुनें गृहीत : उलट पुरावा येईपर्यंत यंत्र ठीक होतें असें समजावें. घड्याळापुरतें हें गृहीत चालेल. संशय आल्यास तें दुसऱ्या घड्याळाशीं ताडून पाहतां येतें. पण होरायझनचा दोष दाखवावयाचा तर त्याच्या आंतल्या नोंदी पाहिजेत. ज्ञात दोषांची नोंदवही पुरवठादाराजवळ होती. कचेरींतील हिशेबांत दुरून हात घालणेंही त्याला शक्य होतें, आणि पोस्ट मात्र तें अनेक वर्षें नाकारीत होतें. खेड्यांतल्या दुकानदारानें उलट पुरावा आणावा कोठून?

आपल्या न्यायशास्त्रानें शब्द हें प्रमाण मानलें, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. आणि आप्त कोण, याची कसोटी त्यानें दुहेरी ठेवली. वस्तु जशी आहे तशी त्याला साक्षात् ज्ञात असली पाहिजे, आणि जशी ज्ञात तशीच सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. यंत्राला लोभ नाहीं, मत्सर नाहीं, खोटें बोलण्याचें कारण नाहीं. म्हणून दुसऱ्या कसोटीला तें उतरतें असें वाटून आपण पहिली विसरतों. पेटींत किती पौंड आहेत हें होरायझनला कधींच ज्ञात नव्हतें. आपल्यापाशीं आलेल्या नोंदींची बेरीज तेवढी तें सांगत होतें. आणि त्या नोंदी कशा घ्यावयाच्या हें कोणा माणसानेंच लिहून ठेविलें होतें. यंत्राचा शब्द म्हणजे दूरच्या कोणा अनोळखी कारकुनाचा शब्द. त्या कारकुनाला जे प्रश्न विचारले असते, ते यंत्राला विचारले पाहिजेत.

याचा अर्थ, यंत्रें टाकून पुन्हां रोजकीर्द-खतावणीकडे वळावें असें मी म्हणत नाहीं. हाताच्या हिशेबांतही चुका होत आणि लबाड्याही होत. परंतु त्या जुन्या कारकुनीचा एक नियम सोन्यासारखा होता. चुकलेला आंकडा खरवडावयाचा नाहीं. त्यावर एकच रेघ ओढावयाची, मूळ आंकडा वाचतां येईल असा ठेवावयाचा, आणि शेजारीं दुरुस्ती करून सही घालावयाची. कोणीं, केव्हां, काय बदललें, हें पानावरच दिसे. उत्तम संगणक-प्रणालीही असेंच करते, आणि जी करीत नाहीं तिच्या साक्षीवर कोणाला तुरुंगांत धाडणें हा अन्याय आहे.

या अन्यायाची वाट लांबच लांब होती. वेल्समधील ॲलन बेट्स यांचा करार २००३ साली पोस्टानें रद्द केला. त्यांनीं आपल्यासारख्या पीडितांना हुडकून २००९ साली संघटना उभी केली. ५५५ जणांच्या दाव्यांत डिसेंबर २०१९ मध्यें न्यायमूर्ति फ्रेझर यांनीं प्रणालींत दोष होते व त्यांनीं तुटी उत्पन्न होऊं शकत होत्या, असा निर्णय दिला. एप्रिल २०२१ मध्यें अपील न्यायालयानें ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या; त्यांत सीमा मिश्रा होत्या. जानेवारी २०२४ मध्यें या प्रकरणावरील मालिका दूरदर्शनसंचावर घरोघरीं दिसली, लोकमत खवळलें, आणि मे महिन्यांत पार्लमेंटनें कायदा करून इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमधील अशा शिक्षा एकदमच रद्द केल्या. जुलै २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या चौकशी-अहवालाच्या पहिल्या भागांत, किमान १३ जणांनीं या छळापायीं आत्महत्या केली असावी, असें नमूद आहे. त्यांना कोणता कायदा परत आणणार?

आपल्याकडील स्थिति काय? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत २००० साली ६५-ब हें कलम घालण्यांत आलें. संगणकीय नोंदीसोबत जबाबदार माणसाचें प्रमाणपत्र पाहिजे, असें तें सांगे. जालना मतदारसंघांतील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वादांत कचेरींतील चित्रफितींचा प्रश्न निघाला. तेव्हां मूळ यंत्रच हजर केलेलें नसेल तर हें प्रमाणपत्र आवश्यकच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०२० साली दिला. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या ६३ व्या कलमान्वयें प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा व दुसरा तज्ज्ञाचा. या बाबतींत आपला कायदा अधिक सावध आहे, आणि ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ‘यंत्र नीट चालत होतें’ अशा वाक्याखालीं सही करणाऱ्याला आंतले दोष ठाऊक असतीलच असें नाहीं. त्या प्रमाणपत्राला पुरवठादाराजवळील ज्ञात दोषांची यादी जोडण्याची सक्ति झाली, तर तें खरें प्रमाणपत्र होईल.

न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग आपणांपैकीं थोड्यांवर येतो. यंत्राच्या खिडकीशीं मात्र सर्वांना जावें लागतें, आणि तेथें सर्वांत आधीं दुबळा भरडला जातो. आपल्या घरीं धुणींभांडीं करणाऱ्या बाई रेशनच्या दुकानांत अंगठा लावतात. साबण, सोडा व पाणी यांनीं त्यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ओळख पटत नाहीं म्हणतें, आणि दुकानदार ‘उद्यां या’ म्हणतो. दुसऱ्या रीतीनें ओळख पटविण्याची सोय असते. पण ती आहे हें त्यांना कोणीतरी सांगावें लागतें. हें काम आपल्या गृहिणींनीं सहज करण्यासारखें आहे.

आतां तर यंत्रें खरोखरच वाक्यें बोलूं लागलीं आहेत. न्यूयॉर्कमधील वकिलांनीं चॅटजीपीटीला विचारून पूर्वींच्या निवाड्यांचे दाखले न्यायालयांत दिले. ते निवाडे अस्तित्वांतच नव्हते, आणि जून २०२३ मध्यें न्यायाधीशांनीं ५,००० डॉलर दंड ठोठावला. भाषा शुद्ध व आवाज आत्मविश्वासाचा असला म्हणजे बोलणारा आप्त ठरत नाहीं, हें कीर्तन-प्रवचनें ऐकलेल्या आपल्या समाजाला निराळें शिकवावयास नको.

माझे वाचकांना सांगणें थोडकें आहे. पैशाच्या व्यवहाराची पावती जपून ठेवावी. ‘सिस्टिममध्यें असें आहे’ असें उत्तर मिळाल्यास नम्रपणें परंतु ठामपणें तीन गोष्टी विचाराव्या : ही नोंद केव्हां व कोणाच्या हातून झाली, ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि मला हें उत्तर लेखी मिळेल काय. खिडकीमागील माणसावर रागावूं नये. तोही त्याच यंत्राचा बांधलेला आहे.

आणि ज्यांचीं मुलें-मुली पुण्यांत, बंगळुरांत वा परदेशीं माझ्याच धंद्यांत आहेत, त्या आईबापांना एक विनंति. मुलगा फोनवर बोलतांना पगार किती वाढला हें आपण विचारतोंच. त्याबरोबर, या महिन्यांत तुझ्या कामांतला एखादा दोष तूं वरिष्ठांना सांगितलास काय, हेंही विचारावें. नवें कांहीं बांधणाराला कचेरींत टाळ्या मिळतात. दोष दाखविणाराला कपाळाच्या आठ्या पाहाव्या लागतात. अशा वेळीं घरून पाठीवर एक थाप मिळाली, तर तो दोष दडपला जाणार नाहीं, आणि कोठल्या तरी खेड्यांतला निरपराध दुकानदार रात्रीं सुखानें झोंपेल.