महायुद्धांचा जमाखर्च आणि आमची गावे

ज्या घरात जमाखर्चाची वही नाही, त्या घरात आलेली लक्ष्मी टिकत नाही आणि झालेले नुकसानही उमगत नाही, हे आम्हां शेतकऱ्यांस कोणी शिकवावयास नको. परंतु दोन महायुद्धांत आपल्या देशाने काय दिले व त्यास काय मिळाले, याची वही आमच्या गावांनी कधी लिहिलीच नाही. इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतींची नावे आहेत, तहांच्या तारखा आहेत. ज्यांच्या घरचा माणूस गेला आणि ज्यांच्या खळ्यावरचे धान्य गेले, त्यांचा मात्र तेथे पत्ता नाही. ही वही अजूनही लिहिता येण्यासारखी आहे, आणि ती आम्हीच लिहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम परमुलखातील खर्च पाहू. १९१४ ते १९१८ च्या युद्धासाठी हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली व त्यांतील सत्तर हजारांवर मेली. मराठा पलटणींच्या वाट्यास मुख्यतः मेसोपोटेमिया, म्हणजे हल्लीचा इराक आला. तेथील कूत गावी डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला. त्यात १०३ वी व ११० वी मराठा पलटण सापडली. अन्न संपले, घोडे मारून खाण्याची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेने शस्त्रे खाली ठेविली. पुढे कैदेत किती मेले, त्यास सुमार नाही. त्या मोहिमेतील मृतांचे एक मोठे स्मारक बसरा येथे उभारले गेले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे आहेत, हिंदी अंमलदारांची नावे आहेत. साध्या हिंदी शिपायाचे मात्र नाव नाही. पलटणीच्या नावाखाली मेलेल्यांचा केवळ आकडा आहे! ज्या मंडळाकडे या स्मारकांची व्यवस्था आहे, त्याने २०२१ साली हा भेदभाव कबूल करून क्षमा मागितली. क्षमा मागितली हे बरे झाले. पण त्या आकड्यातील माणसे कोणत्या गावची, हे बसऱ्याचा दगड सांगणार नाही.

दुसऱ्या युद्धात देशास ३ सप्टेंबर १९३९ रोजी ओढण्यात आले, ते लोकप्रतिनिधींस न विचारता. त्या निषेधार्थ मुंबई इलाख्यातील खेर मंत्रिमंडळानेही राजीनामा दिला. तरीही सुमारे पंचवीस लाख माणसे फौजेत गेली. काही हौसेने, पुष्कळशी पोटासाठी. इटलीत १० जुलै १९४४ रोजी कुलाबा जिल्ह्यातील यशवंत घाडगे यांनी देह ठेविला. आमच्या जिल्ह्यास लागून असलेल्या संगमनेर तालुक्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर गोळ्यांच्या वर्षावात जखमी सोबत्यांस पाण्यातून उचलून आणिले. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या दोघांची नावे आम्हांस ठाऊक आहेत. बाकीच्यांची कोणास ठाऊक आहेत?

आता घरचा खर्च. याचा मोठा भाग आमच्या नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यातून गेला, ही गोष्ट थोड्यांच्या लक्षात असते. इंग्रज सरकार युद्धासाठी येथे धान्य, कापड, चामडे घेई. त्याची किंमत लंडनच्या वहीत पौंडांच्या रूपाने हिंदुस्थानच्या नावे जमा होई. आणि त्या जमेच्या आधारावर येथे नोटा छापून माल देणाऱ्यास दिल्या जात. युद्धारंभी चलनातील नोटा दोनशे कोटी रुपयांच्या आसपास होत्या. युद्ध संपताना त्या अकराशे कोटींच्या वर गेल्या. माल वाढला नाही, कागद वाढला. घाऊक भाव सुमारे अडीच पट झाले. रुपयातील चांदी १९४० साली निम्म्यावर आली, आणि १९४३ पासून तांब्याच्या पैशासही भोक पडले. आजोबांच्या तोंडी ‘भोकाचा पैसा’ ज्यांनी ऐकला असेल, त्यांनी तो युद्धाचाच पैसा समजावा.

१९४२ साली ब्रह्मदेश पडला व तेथील तांदूळ बंद झाला. १९४३ साली बंगालात सुमारे तीस लाख माणसे अन्नावाचून व रोगराईने मेली. त्याच वर्षी मुंबई शहरात रेशन आले, आणि शहरास पोसण्यासाठी खेड्यांवर लेव्ही बसली. आमच्या धान्याचा भाव सरकारने बांधला. परंतु लुगडे, रॉकेल व लोखंडी फाळ यांचा बांधलेला भाव कागदावरच राहिला आणि ती वस्तू काळ्या बाजारात शोधावी लागली. ही आमची तक्रार रास्त होती.

तथापि वही लिहावयाची तर दोन्ही बाजू लिहिल्या पाहिजेत. ज्याच्या घरी विकण्याइतके धान्य होते, त्याने या महागाईत जुने कर्ज फेडले. काहींनी पेवे झाकून ठेविली, हेही खोटे नाही. ज्याच्या हाती केवळ मजुरी होती, त्यास तीच भाकरी दुपटीहून अधिक दामाने घ्यावी लागली. मद्रास प्रांतात युद्धकाळातील ग्रामीण कर्जाची चौकशी झाली, तीत मोठ्या जमीनदारांचे कर्ज घटलेले व भूमिहीन मजुरांचे वाढलेले आढळले. आमच्याकडे निराळे घडले असेल असे मानण्यास आम्हांस आधार दिसत नाही. फौजेत गेलेली पोरेही बहुधा थोड्या जमिनीच्या घरांतलीच होती. म्हणजे युद्धाचा खर्च ज्यांच्या नावे पडला, ते वेगळे; आणि थोडी जमा ज्यांच्या पदरी पडली, त्यांत आमच्यापैकी अनेकांचे वाडवडील होते. हे वाचून कोणास राग आला तर आमचा इलाज नाही.

कोणी म्हणेल, ही मढी आता कशास उकरावयाची? आमचे उत्तर असे की, देशाच्या नावाने भाव बांधण्याचे व धान्य उचलण्याचे प्रसंग पुन्हा येऊ शकतात. त्या वेळी आमचे गाऱ्हाणे तोच ऐकेल, ज्यास आम्ही मजुराचे व शिपायाचे देणेही मान्य करतो हे दिसेल.

आमची सूचना साधी आहे. आम्ही महसुली दप्तरात आयुष्य घालविले, म्हणून सांगतो. आपल्या इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. तेव्हापासून खातेदार मेला की वारसाची नोंद फेरफारात होते. मग तो अंगणात मरो की बसऱ्यास. ज्याच्या नावे चार गुंठे जरी असतील, त्याचे नाव त्या कागदात सापडण्याचा संभव आहे. प्रत्येक गावच्या सभासदांनी १९१४ ते १९२० व १९३९ ते १९४६ या सालांचे फेरफार तलाठी व तहसील कचेरीत रीतसर अर्ज करून पाहावेत. म्हाताऱ्या माणसांस विचारून ते ताडून घ्यावेत. ज्याच्या नावे जमीनच नव्हती, त्याचे नाव कागदात मिळणार नाही; त्याच्यासाठी त्याच्या वस्तीत जाऊन विचारावे, आणि ते काम आधी करावे. कागद जुना आहे, वाळवी कोणासाठी थांबत नाही. म्हातारी माणसे तर त्याहून थोडी उरली आहेत.

नावे मिळाली की ती चावडीवर लिहावीत. बसऱ्याच्या दगडावर आकडा राहिला तो परक्यांनी कोरला म्हणून. आमच्या चावडीवरही नाव नसेल, तर तो दोष कोणाचा म्हणावयाचा?