बॉल पायथनची जोडी घ्या, पिल्लं विका, पैसे कमवा म्हणे!

स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ द्या. जवाहरनगर, ठाणा पेट्रोल पंप, भंडारा, सगळीकडच्या पोट्ट्यांच्या मोबाईलवर सध्या गळ्यात अजगर घातलेल्या रील फिरत आहेत. मागच्या महिनाभरात तीन जणांनी मला विचारलं, "भाऊ, बॉल पायथन पाळणं कायदेशीर आहे ना?" अजगराला खायला काय लागतं, किती जागा लागते, हे एकानेही विचारलं नाही.

आधी कायद्याचं. आपल्या शेतात, नाल्यात निघणारा अजगर वेगळा आणि हा वेगळा. आपला अजगर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. तो घरात ठेवला तर किमान ३ वर्षं आत, ७ पर्यंत जाऊ शकतं. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा, घाना-टोगो-बेनिनकडचा. घाबरला की चेंडूसारखा गोळा होतो म्हणून हे नाव. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तोही कायद्याच्या यादीत आला आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी त्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. नवीन घेतला तर ३० दिवसांत. पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवायचं. म्हणजे पाळायला बंदी नाही, लपवायला आहे. "कागदपत्रं नंतर पाठवतो" म्हणणारा विक्रेता तुम्हाला साप नाही, गुन्हा विकतोय. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किट-केकच्या पाकिटांत ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले होते. असला माल पुढे कोणाच्या घरी जाणार असतो, विचार करा. दुसरा धोका म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याच अजगराची दीड-दोन फुटी पिल्लं निघतात. "बॉल पायथन आहे" म्हणून तेच कोणी हातात ठेवलं तर नवशिक्याला ओळखता येणार आहे का?

आता पाळण्याचं. परदेशी व्हिडिओत सगळी चर्चा ऊब कशी द्यायची याची. आपल्याकडे उलटं. भंडाऱ्याच्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. या सापाला पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ लागतं, हवेत ओलावा ५५-६० टक्क्यांच्या पुढे. पत्र्याच्या खोलीत, लाईट गेल्यावर, कूलर बंद पडल्यावर हे कसं जमवणार? थंडीत पारा दहाच्या आसपास गेला की बल्ब लावून देतात. थर्मोस्टॅटशिवाय बल्ब म्हणजे साप भाजायचा धंदा. मोठ्या सापाला साधारण चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी, लपायला दोन जागा, पाण्याचं पसरट भांडं, घट्ट झाकण हवं. एका पेटीत दोन साप ठेवायचे नाहीत, त्यांना सोबत-बिबत लागत नाही. प्लास्टिकच्या डब्याला भोकं पाडून "सेटअप" म्हणणाऱ्यांची तर कमालच आहे.

आणि खाणं? गोठवलेले उंदीर आपल्याकडच्या कोणत्या दुकानात मिळतात, सांगा बरं. मग पोट्टे धानाच्या बांधावरचा उंदीर पकडून टाकतात. त्या उंदराने आदल्या दिवशी औषध खाल्लं असेल तर साप गेला. जिवंत टाकला आणि सापाला भूक नसेल तर उंदीरच सापाला कुरतडतो. हा साप महिनोन् महिने उपाशीही राहतो, मालक घाबरून जबरदस्तीने तोंडात कोंबतो. आजारी पडला तर? गावाकडचे पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशी-शेळ्यांसाठी आहेत. तिथल्या डॉक्टरला दोष देऊ नका, सापाचं शिक्षण त्यांना कोणी फारसं दिलेलं नाही.

सगळ्यात चीड येते ती "जोडी घ्या" वाल्यांची. मादी साधारण दीड किलोची आणि तीनेक वर्षांची होईपर्यंत जोडी लावणं म्हणजे तिला मारणं. अंडी सहाच्या आसपास, ती ३१-३२ अंशांवर जवळजवळ दोन महिने सांभाळायची. त्या काळात मादी खात नाही, वाळून जाते. पुन्हा अंगात भरायला किती तरी महिने जातात. आणि रंगाच्या हौसेत काय काय होतं तेही ऐका. 'स्पायडर' नावाच्या वाणात मान थरथरते, साप उलटापालटा होतो, कारण तो दोष रंगाच्या जनुकासोबतच येतो. फोटोत सुंदर दिसतो, बाकी त्याचे हाल. प्रत्येक पिल्लू नीट पाळलं तर वीस-तीस वर्षं जगणार. सहा पिल्लांना वीस-तीस वर्षं सांभाळणारी सहा घरं जवाहरनगरात आहेत का? नसतील तर मग काय, कोक्याच्या जंगलात सोडणार? फ्लोरिडात लोकांनी सोडलेल्या बर्मी अजगरांनी तिथले ससे-रॅकून कसे संपवले, ते वाचा एकदा.

"भाऊ, तुम्ही आमच्या छंदाच्या विरोधात आहात" असं काही जण म्हणतील. नाही बावा. ज्याच्याकडे पावती आहे, नोंदणी आहे, इन्व्हर्टर आहे, नागपूरपर्यंत डॉक्टर गाठायची तयारी आहे, त्याने एक पाळावा. एक. जोडी नाही. आणि आधी वर्षभर त्या पेटीचं तापमान वहीत लिहून दाखवावं, मे महिन्यातलं सुद्धा.

ज्यांनी आधीच घेतलाय आणि कागद नाहीत, त्यांनी रात्री नाल्यावर सोडू नये. वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करावा. आणि वन विभागालाही सांगणं आहे : भंडाऱ्यात एक दिवस नोंदणीचं शिबिर लावा, मराठीत माहितीचा कागद वाटा. लोक धाड पडेल म्हणून गप्प बसतात आणि शेवटी मरतो तो साप. शिबिराची तारीख कळवा, बातमी मी लावतो.