दोनदा दाबला की लागतो!

मऊपणा हा आपल्याकडे गुण मानला जातो. भात मऊ हवा, गादी मऊ हवी, आणि सासूबाईंचा स्वभाव मऊ असला तर सोन्याहून पिवळे. मऊ सापडले म्हणून कोपराने खणू नये, असे आपल्या वाडवडिलांनी बजावून ठेवले आहे. पण एक जागा अशी आहे की तिथे मऊ लागले तर खुशाल खणावे, कारण सापडेपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही. ती जागा म्हणजे जुन्या मोटारीच्या ब्रेकचे पेडल.

आमच्या घरी वडिलांच्या वेळची, 1984 सालची पद्मिनी आहे. मुंबईतली या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. पण हौशी घरांतून या गाड्या अजून आजीबाईंच्या मानाने नांदत आहेत. अशा गाड्यांच्या मालकांकडून एक वाक्य मी वारंवार ऐकतो. "ब्रेक ना? जरा मऊ आहे. पण दोनदा दाबला की लागतो."

मी मराठीचा मास्तर. वाक्यात व्याकरणाची चूक नाही, हे मान्य. परंतु त्यातल्या 'दोनदा'ला वेळ लागतो, त्याचे काय? ताशी 40 किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते. चेंडूमागे धावत रस्त्यात आलेले पोर तुमच्या दुसऱ्या दाबण्याची वाट पाहत थांबत नसते.

मुळात पेडल मऊ का होते? आपण पाय दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेल पुढे ढकलतो. ते नळ्यांतून चाकांपर्यंत जाते, तिथल्या छोट्या सिलिंडरांतले दट्टे बाहेर सरतात आणि ब्रेकशू ड्रमला जाऊन भिडतात. तेल दबत नाही. म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा पोचतो. सतराव्या शतकात पास्कलने सांगितलेला नियम तो हाच. मात्र वाटेत काही बिघडले की पायाला ते पहिल्यांदा कळते. आणि मऊपणाचेही प्रकार असतात, जसे अर्थाच्या छटा असतात.

पेडल स्पंजासारखे दबत असेल आणि चार-पाचदा मारल्यावर वर येत असेल, तर नळीत हवा शिरली आहे. तेल दबत नाही, पण हवा दबते. पहिल्यांदा खोल जाऊन दुसऱ्यांदा एकदम वर आणि दगडासारखे घट्ट लागत असेल, तर शू झिजून ड्रमपासून दूर गेले आहेत. ते जवळ घ्यावे लागतात. पाय स्थिर दाबून धरला असता पेडल हळूहळू जमिनीकडे उतरत असेल, आणि बाहेर थेंबभर तेल सांडलेले दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधले रबर थकले आहे. हा प्रकार सर्वांत लबाड. आणि घरून निघताना ठाकठीक असलेले पेडल घाट उतरताना मऊ पडले, तर तेलाने हवेतला ओलावा पिऊन ठेवला आहे. डॉट 3 जातीचे ताजे तेल 205 अंशांपर्यंत तरी उकळत नाही. ओलावा शोषलेले तेल 140 अंशांच्या आसपासही उकळू शकते आणि नळीत वाफ धरते. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलावे, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरावा.

गेल्या वर्षी आमच्या गाडीचा पाय खोल जाऊ लागला. एका गॅरेजने डबीत तेल ओतले, पैसे घेतले आणि "झालं काम" म्हणून सांगितले. आठ दिवसांत तेल पुन्हा खाली. मग आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना गाठले. ते म्हणाले, "सर, तेल घालायला कुणीही घालील. ते पितंय कोण, ते आधी विचारा." त्यांनी मागचे डावे चाक उतरवले, ड्रम काढला आणि सिलिंडरच्या टोकाचे रबरी टोपण बोटाने उचलले. आत ओल होती. शूंनाही तेल लागले होते. आमच्या गाडीत चारही चाकांना तेलाची वाट एकच; एका ठिकाणी फुटली की चारही चाके अनाथ.

सिलिंडर आणि शू बदलल्यावर हवा काढणे आले. हे दोघांचे काम. सौ. पेडलवर, मिस्त्री चाकाशी, मी हाती तेलाचा डबा घेऊन. सुरुवात सर्वांत लांबच्या चाकापासून. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचे. "वहिनी, दाबा. धरून ठेवा." निपल उघडले की बुडबुडे येतात. निपल बंद झाल्यावरच "सोडा." ही आज्ञा चुकली तर बाहेर गेलेली हवा परत आत! वरच्या डबीतले तेल मात्र मध्येच संपू द्यायचे नाही. आमच्या संसारात तासभर इतके एकमत पूर्वी कधी झाल्याचे मला स्मरत नाही.

दोन गोष्टी मिस्त्रींनी बजावल्या. बाटलीत उतरलेले तेल पुन्हा डबीत घालू नये. आणि अडीअडचणीलाही इंजिन ऑइल ब्रेकमध्ये ओतू नये. त्याने आतली रबरे फुगून निकामी होतात.

दिवाळीला गाडी काढून गावी निघणाऱ्या वाचकांना माझी एवढीच विनंती. फराळाचे डबे गाडीत ठेवण्याआधी, गाडी जागेवर उभी असताना, पेडल घट्ट दाबून धरा आणि तीस अंक मोजा. पाय खाली सरकला, किंवा दुसऱ्यांदा दाबल्यावर पेडल वर आले, तर त्या दिवशी एस. टी.ने जा. चकल्या तिथेही तितक्याच कुरकुरीत लागतात. आणि गाडी दुरुस्त होऊन येईल तेव्हा मिस्त्रींनी तुम्हांला पूर्वीच्याच वाक्यातला एक शब्द खोडून सांगितले पाहिजे: दाबला की लागतो.