दिवस पाळावेत, माणूस तोडू नये

श्रीगणेशाचे आगमन म्हणजे साऱ्या गोतावळ्याचे आगमन. चाकरमानी कोकणातल्या घरी पोहोचतो, लेकीसुना जमतात, एकाच निरांजनावरून घरादाराचे हात फिरतात आणि माजघरात पंगत बसते. अशा मंगल दिवसांत रोगाचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या घरात वृद्ध आजी-आजोबा आहेत, तेथे तो न काढणे अधिक अप्रशस्त होय, असे आमचे नम्र मत आहे.

२२ ऑगस्ट २०२० ची गणेश चतुर्थी कोण विसरेल? सार्वजनिक मूर्ती चार फुटांच्या आत आल्या, मिरवणुका थांबल्या. त्या काळात आपल्या समाजाच्या हातून दोन चुका घडल्या. कोणी 'साधी सर्दी आहे' म्हणत अंगातला ताप लपवून आरतीस उभे राहिले. तर कोणी बऱ्या होऊन आलेल्या शेजारणीच्या हातचा प्रसाद महिनोन् महिने नाकारला. दोन्ही चुकांचे मूळ एकच. करोनाचा संसर्ग रोग्यापासून केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो, याचे अज्ञान.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेला नाही. म्हणून हा हिशेब आजही ठाऊक हवा. तो पंचांगाच्याच भाषेत मांडू. समजा, हरतालिकेच्या दिवशी एखाद्यास ताप आला. हा दिवस शून्य धरावा. त्याच्यापासून इतरांना होणारी बाधा मात्र साधारण दोन दिवस आधी, म्हणजे भाद्रपद प्रतिपदेसच, सुरू झालेली असते. मखर सजवताना तो ठणठणीत दिसत होता, हे खरे. परंतु विषाणू तेव्हाच पसरू लागला होता. लक्षणे दिसू लागण्याच्या सुमाराचे दिवस सर्वाधिक धोक्याचे. पुढे संसर्गशक्ती ओसरत जाते आणि सौम्य आजारात बहुधा दहा दिवसांत संपते. म्हणजे चतुर्थीस दूर राहिलेला हा गृहस्थ अनंत चतुर्दशीस बाप्पाला निरोप द्यायला निःशंक येऊ शकतो.

ज्यांचा आजार तीव्र होता, किंवा कर्करोगावरील उपचार, अवयवरोपण अशा कारणांनी ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे, त्यांच्या बाबतीत ही मुदत वीस दिवस वा त्याहूनही अधिक असू शकते. तेथे वैद्यांचाच शब्द प्रमाण मानावा.

आरटीपीसीआर चाचणीनेही पुष्कळ गोंधळ केला. बरे झाल्यावरही ती कित्येक आठवडे दोष दाखवू शकते. कारण विषाणूचे निर्जीव अवशेषही ती टिपते. जळून गेलेल्या घरात राख सापडते, म्हणून तेथे अग्नी आहे असे कोणी म्हणत नाही. म्हणूनच मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सौम्य रुग्णांस लक्षणांपासून दहा दिवसांनी, अखेरचे तीन दिवस ताप नसल्यास, फेरचाचणीविना घरी सोडण्यास अनुमती दिली होती. त्यापुढे सात दिवस घरातच विलग राहण्यास सांगितले होते, ते अधिकच्या सावधगिरीसाठी.

दिवस पाळणे आपल्या घरांना नवे नाही. सोयर-सुतकाचे दिवस आपण पिढ्यान् पिढ्या मोजत आलो. शास्त्रकारांना विषाणू ठाऊक होता, असा दावा आम्ही करणार नाही. आशौचाचा हेतू निराळा. परंतु त्या आचारात एक मोठी माणुसकी आहे. सुतक फिटले की माणूस पुन्हा पंगतीस बसतो, आणि काल तो दूर का होता, हे त्याला कोणी ऐकवत नाही. करोनाच्या बाबतीत आपण दूर ठेवणे तेवढे शिकलो, परत बोलावणे विसरलो.

यंदा घरात कोणास ताप, खोकला असेल तर त्याने वेगळ्या खोलीत राहावे. बाहेर पडणे अटळ झाल्यास मुखपट्टी बांधावी. त्याच्या वाटचा मोदक दाराशी पोचवावा. देवाला त्याचा नमस्कार तेथूनही पोचतो. आणि दिवस सरले की घरच्यांनी स्वतः जाऊन त्याला आरतीस बोलवावे. विघ्नहर्त्याने आपणांस ही दोन्ही प्रकारची सुबुद्धी द्यावी, हीच प्रार्थना.