वहीतला खाडा

ऊसतोडीवर लिहिताना मराठी समीक्षा ‘व्यथा-वेदना’ हे शब्द सढळ हाताने वापरते. मुकादमाची वही मात्र ती उघडत नाही. आमच्या मते वाचायला हवा तो मजकूर त्या वहीत आहे. कंधार-मुखेडहून किंवा जळकोट-अहमदपूरकडून दिवाळीच्या सुमारास निघणारे जोडपे तिथे ‘एक कोयता’ असते. घेतलेली उचल हे त्याचे कर्ज. दोघांपैकी एकाचाही दिवस बुडाला तर तो ‘खाडा’, म्हणजे दंड. आजार, पाळी, बाळंतपण यांना त्या वहीत रकाना नाही.

ही रीत एकट्या मराठवाड्याची नव्हे. फिलिपिन्सवर अमेरिकेची सत्ता असताना, १९०६ पासून, तिथले मजूर हवाईतील उसाच्या मळ्यांवर नेले जाऊ लागले. मळ्यावर त्यांची ओळख ‘बांगो’ या धातूच्या बिल्ल्यावरील आकड्याने होई. त्याच काळात मनिलातील अमेरिकी आरोग्य अधिकारी फिलिपिनो देहाकडे रोगाचे आगर म्हणून पाहत. देह राबायला हवा, त्याचे दुखणे नको, हे वसाहतीचे आरोग्यकारण. तिथे राज्यकर्ते परके होते. इथे अनेक कारखाने सहकारी आणि त्यांचे बरेच धुरीण आपणच निवडून दिलेले, म्हणून आपली जबाबदारी अधिक.

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे बीड जिल्ह्याचा आकडा आला: पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये मागील दहा वर्षांत काढलेली होती. उपाय कोणता? शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी. ती आवश्यकच होती. पण पहारा बसला तो सुरीवर. खाड्याला कोणी हात लावला नाही. फडावर संडास नाही, पुरेसे पाणी नाही, पाळीतही मोळी डोक्यावर, आणि गावी दवाखान्यात कर्करोगाची भीती. अशा स्थितीत ‘बायकांनी स्वतःच संमती दिली’ म्हणणे हा युक्तिवाद नव्हे, पळवाट आहे. शिवाय ती मोजणी बीडपुरती होती. जिल्ह्याची हद्द ओलांडली की दुखणे थांबते काय? नांदेड-लातूरच्या कोयत्यांची अशी मोजणी का होऊ नये?

आमची मागणी साधी आहे. आजाराच्या दिवसाचा दंड रद्द व्हावा आणि त्या दिवसाची मजुरी कारखान्याने द्यावी. साहित्याच्या अध्यापकांकडेही एक मागणे आहे: ग्रामीण साहित्य शिकवताना ‘खाडा’ या शब्दाचा अर्थ ‘गैरहजेरी’ एवढाच सांगून पुढे जाऊ नका. त्या शब्दाने कोणाकडून काय वसूल केले, तेही वर्गात सांगा.