पेढी कोसळली, पारितोषिक बुडाले

लंडनच्या टेट गॅलरीचे टर्नर पारितोषिक १९९० साली दिलेच गेले नाही. कलावंतांचा दुष्काळ पडला होता काय? मुळीच नाही! पारितोषिकाचा खर्च उचलणारी ड्रेक्सेल बर्नहॅम लँबर्ट ही अमेरिकन पेढी दिवाळखोरीत निघाली होती. रोखेबाजारातील गुन्हे कबूल करून ६५ कोटी डॉलरांचा दंड व भरपाई मान्य केलेल्या या पेढीला कलेचा पुळका का यावा, हे सुज्ञांस सांगणे नलगे. खरा जाब विचारायला हवा तो थॅचरबाईंच्या सरकारला. अनुदानाचा हात आखडून त्यानेच सार्वजनिक संग्रहालयांना धनिकांच्या दारी उभे केले. १९९१ साली चॅनेल फोर ही दूरचित्रवाणी कंपनी नवी आश्रयदाती झाली आणि स्पर्धा पन्नाशीच्या आतील कलावंतांपुरती ठेवण्यात आली. (पन्नाशीपर्यंत तरुण! असो.) आश्रयदाता बदलला, पण कलावंतांना एकमेकांविरुद्ध झुंजविण्याची रीत तीच राहिली. ती मोडली २०१९ च्या चार स्पर्धकांनी. आमच्यातून एकाची निवड करू नका, असे त्यांनी संयुक्त पत्राने परीक्षकांना कळविले; परीक्षकांना ते मानावे लागले आणि ४० हजार पौंडांचे चार समान वाटे झाले.